मनीचे पोट आणि 'तो' उपाय

सकाळच्या पाळीसाठी अंधारातच उठलेल्या बाबांचा पाय दाराजवळच्या पायपुसण्यावर पडतो आणि घरात ओरड होते, "पुन्हा केलं हिनं!" देवघरातून आजींचा आवाज येतो, "मी सांगत होते, मांजर घरात घेऊ नका म्हणून." शाळकरी मुलगी पांघरुणातून निघते ती थेट कपाटाखाली शिरते आणि तिथे दबून बसलेल्या मनीला छातीशी धरते. आई काही बोलत नाही. बादली, फडके आणि फिनेलची बाटली घेऊन येते.

भिलाईच्या सेक्टरांतल्या कुठल्याही मराठी घरात हा प्रसंग घडू शकतो. मांजराचे नाव मनी असो की चिंगी, गोष्ट साधारण अशीच पुढे जाते. आधी वाटते, काहीतरी खाल्ले असेल, बरी होईल. मग आठवडा जातो. गल्लीतल्या औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळीचा चतकोर तुकडा दुधात घालून दिला जातो. डॉक्टरांकडे नेले की जंताचे औषध आणि अँटिबायोटिक मिळते. दहा दिवस बरे जातात, की पुन्हा पायपुसणे खराब. चार किलोची मनी सव्वातीन किलोवर येते, पाठीचा कणा हाताला लागू लागतो आणि मग पुण्याहून मावशीचा फोन येतो.

"अगं, आता परदेशात एक नवीन करतात. धडधाकट मांजराची विष्ठा घ्यायची आणि आजारी मांजराच्या आतड्यात सोडायची. म्हणे चांगले जंतू जातात त्यातून."

फोन ठेवल्यावर आई हे सगळ्यांना सांगते. आजी पदर नाकाला लावतात. बाबा हसतात. मुलगी मात्र हसत नाही. ती विचारते, "आई, शेजारच्या काकूंचा बोका धडधाकट आहे ना?"

इथून पुढे थट्टा संपते. मुलीच्या डोळ्यांसमोर मांजर वाळत चालले आहे, आईच्या हातात महिन्याचा हिशेब आहे आणि समोर एक उपाय आहे, जो ऐकायला किळसवाणा आणि करायला फुकटचा वाटतो. करावा की नाही?

<b>गाईला चालते, मग मांजराला?</b>

किळस थोडी बाजूला ठेवली तर ही कल्पना आपल्याकडच्या गोठ्यांना अगदीच परकी नाही. गाय रवंथ करेनाशी झाली, चारा सोडून बसली, की निरोगी जनावराच्या पोटातला रस काढून तो आजारी जनावराला पाजण्याचा उपाय पशुवैद्य आजही करतात. गाईच्या पहिल्या कप्प्यात चारा कुजवणारे असंख्य सूक्ष्मजीव असतात. ते मेले की गाईसमोर हिरवागार चारा असूनही ती उपाशी. बाहेरून जिवंत विरजण घातले की पोट पुन्हा चालू होते. दही लावणाऱ्या बाईला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

माणसांतही हे झाले आहे. चीनमध्ये चौथ्या शतकात गे होंग नावाच्या वैद्याने विषबाधा आणि जुलाबांवर असा काढा लिहून ठेवला होता. आधुनिक वैद्यकात 1958 साली अमेरिकेतल्या डेन्व्हर येथे बेन आइझमन या शल्यविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अँटिबायोटिकनंतर आतड्याला भयंकर सूज आलेल्या चार रुग्णांवर निरोगी माणसाच्या विष्ठेचा एनिमा वापरला आणि रुग्ण सुधारले. तरीही पुढे कित्येक वर्षे डॉक्टरांनी नाक मुरडलेलेच राहिले. 2013 साली नेदरलँड्समध्ये याची रीतसर चाचणी झाली. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूमुळे पुनःपुन्हा जुलाब होणाऱ्या 16 रुग्णांपैकी 13 जण पहिल्याच प्रयोगात बरे झाले. नेहमीच्या औषधापेक्षा हा निकाल इतका सरस होता, की चाचणी मध्येच थांबवण्यात आली. आपल्या देशात लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजात मोठ्या आतड्याच्या दाहावर हा उपाय अभ्यासला गेला आहे.

तेव्हा मावशी थापा मारत नाही. पण गाय आणि माणूस यांच्यापासून मांजरापर्यंतचे अंतर तिला फोनवर जितके वाटले तितके कमी नाही.

मांजरांतली कहाणी आता कुठे सुरू होते आहे. जुनाट दाह झालेल्या एका दहा वर्षांच्या ॲबिसिनियन मांजरावर हा प्रयोग केल्याची नोंद इस्रायलमधल्या पशुवैद्यांनी 2017 साली प्रसिद्ध केली. मांजर सुधारले. पण एक मांजर म्हणजे एकच मांजर. 2023 साली अमेरिकेत पोटाच्या जुनाट तक्रारी असलेल्या 46 मांजरांना निरोगी मांजरांच्या वाळवलेल्या विष्ठेच्या कॅप्सूल पंचवीस दिवस देऊन त्यांच्या आतड्यातले जंतू कसे बदलतात हे पाहण्यात आले. त्यात बदल दिसले, मालकांनी सुधारणाही सांगितली. मात्र त्या मांजरांची तुलना खोट्या कॅप्सूल दिलेल्या दुसऱ्या गटाशी केलेली नव्हती आणि अभ्यास करणारी मंडळी अशा कॅप्सूल विकणाऱ्या कंपनीशी संबंधित होती. म्हणून अभ्यास खोटा ठरत नाही, पण त्याच्या जोरावर घरचे मांजर कोणी पणाला लावू नये, एवढे खरे.

कुत्र्यांबाबत थोडे अधिक माहीत आहे. पार्व्हो झालेल्या 66 पिल्लांवर ब्राझीलमध्ये अभ्यास झाला, तो 2018 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत निरोगी कुत्र्याची विष्ठा. दुसऱ्या गटातल्या पिल्लांचे जुलाब लवकर थांबले. त्या गटात दगावलेली पिल्लेही कमी होती, पण तो फरक योगायोगाचा नाही असे खात्रीने म्हणण्याइतका मोठा नव्हता.

<b>शेजारचा बोका</b>

मुलीने विचारलेल्या प्रश्नाकडे परत येऊ. शेजारच्या काकूंचा बोका धडधाकट दिसतो, खातो-पितो, रात्री छपरावर गाणी म्हणतो. मग त्याचीच घेतली तर?

धडधाकट दिसणे हीच तर फसवी गोष्ट आहे. जियार्डिया, ट्रायट्रायकोमोनास, साल्मोनेला, जंतांची अंडी, मांजरांच्या पिल्लांना पटापट मारणाऱ्या पॅनल्यूकोपेनियाचे विषाणू, हे सगळे एखाद्या टुमटुमीत बोक्याच्या पोटातून मजेत बाहेर पडत असते आणि बोक्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून जिथे हा उपाय नीट केला जातो तिथे दाता मांजराची निवड रक्तदात्यापेक्षाही काटेकोर असते. ते प्रौढ हवे, बांधा बेताचा हवा, लसी पूर्ण झालेल्या हव्यात, गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेले नको, रात्री भटकणारे नको, आणि विष्ठेच्या व रक्ताच्या तपासण्या नव्या हव्यात. काकूंचा बोका पहिल्या फेरीतच बाद होतो.

माणसांच्या दवाखान्यात सगळी साधने असूनही चूक झाली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून 2019 मध्ये इशारा दिला, की एकाच दात्याची विष्ठा दिलेल्या दोन रुग्णांना औषधांना न जुमानणाऱ्या ई. कोलाय जंतूचा संसर्ग झाला आणि त्यांतला एक रुग्ण दगावला. त्या दात्याची या जंतूसाठी तपासणीच झालेली नव्हती.

आणखी एक धोका आहे तो औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या एनिमाच्या बाटलीचा. माणसांसाठीच्या अनेक तयार एनिमांमध्ये सोडियम फॉस्फेट असते. मांजराच्या रक्तातले क्षार त्याने इतके बिघडतात, की काही तासांत प्राण जाऊ शकतो. बद्धकोष्ठ झालेल्या मांजराला मायेपोटी असा एनिमा दिला आणि मांजर गेले, हे पशुवैद्यकाच्या पुस्तकांत जुन्या काळापासून लिहिलेले आहे. हा उपाय कधी करायचाच झाला तर तो पशुवैद्याच्या टेबलावरच व्हावा, न्हाणीघरात नाही.

<b>मांजर म्हणजे छोटा माणूस नव्हे</b>

घरोघरी चूक होते ती इथेच. मैत्री बागेतल्या पांढऱ्या वाघांना कोणी दूधपोळी घालत नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याने भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून 1972 साली उभारलेल्या या बागेत मुलांना घेऊन जाणाऱ्या किती जणांच्या लक्षात येत असेल, की पिंजऱ्यातला तो वाघ आणि सोफ्यावरची मनी यांची पोटे एकाच घडणीची आहेत? मांजर मांसावरच जगते. टॉरिन नावाचे द्रव्य तिला मांसातूनच घ्यावे लागते. ते कमी पडले तर हृदय दुबळे होते, हे 1987 साली कॅलिफोर्निया विद्यापीठातले पशुवैद्य पॉल पायन यांनी दाखवून दिले आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यांत टॉरिन वाढवले गेले. गाजरातल्या पिवळ्या द्रव्यापासून आपण 'अ' जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते जमत नाही.

आणि दूध! मांजर आणि दूध यांची जोडी आपल्या भाषेतच इतकी घट्ट बसली आहे, की ती तोडायला जीव धजत नाही. पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. मांजर दूध डोळे मिटून पिते हे खरे, पण त्यानंतर वाळूच्या डब्यात काय होते ते म्हणीत सांगितलेले नाही.

तिचे यकृतही वेगळे. कित्येक औषधे आणि वनस्पतींतली द्रव्ये आपले यकृत निकामी करून बाहेर टाकते, तसे मांजराचे यकृत करू शकत नाही. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरे. आईच्या हातातल्या त्या फिनेलमधली कार्बोलिक जातीची द्रव्येही मांजराला विषच. ओल्या फरशीवरून चालून मनी पंजे चाटते, तेव्हा फरशी साबणाच्या पाण्याने पुसलेली बरी.

म्हणूनच 'वनस्पतीच तर आहे, अपाय कसला' हे वाक्य मांजरापुरते तरी विसरावे. जंतांसाठी लसूण ठेचून द्यावा असे कोणीतरी सांगतेच. लसूण आणि कांदा मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. गाईम्हशींच्या कासदाहावर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गावोगावी पोचवला, आणि ते चांगलेच झाले. पण कासेला लावायचा लेप मांजराच्या पोटाला लागू होत नाही.

राहता राहिल्या होमिओपथीच्या गोड गोळ्या. त्यांनी सहसा इजा होत नाही, हे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. ब्रिटनच्या संसदीय समितीने 2010 साली आणि ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने 2015 साली उपलब्ध पुरावे तपासून सांगितले, की खोट्या गोळीपेक्षा अधिक गुण त्यांत आढळत नाही. ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने 2017 साली आपल्या सदस्यांना बजावले, की पुराव्यावर उभ्या असलेल्या उपचाराच्या जागी त्या वापरू नयेत. इजा होते ती गोळीने नव्हे, गोळी देऊन घालवलेल्या महिन्याने.

"पण आमच्या मांजराला तर गुण आला!" असे सांगणारे खोटे बोलत नसतात. जुनाट पोटदुखणे भरती-ओहोटीसारखे असते. ते अगदी वाढले की आपण नवा उपाय शोधतो आणि तेवढ्यात ओहोटी लागतेच. शिवाय पाहणारे डोळे आपले. सांधेदुखीच्या मांजरांवरच्या चाचण्यांत असे दिसले आहे, की ज्यांच्या मांजरांना नुसतीच खोटी औषधे दिली होती अशा मालकांनाही आपले मांजर सुधारल्यासारखे वाटले. माया पुष्कळ असली की नजर तितकी निष्पक्ष राहत नाही.

<b>जे आधी करायला हवे होते</b>

भिलाईकरांचे एक बरे आहे. दुर्गच्या पुढे राजनांदगाव रस्त्यावर अंजोरा इथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच परिसरात 2012 पासून छत्तीसगडचे कामधेनू विद्यापीठ उभे आहे. गल्लीतल्या उपायांची यादी संपवून शेवटी तिथे जाण्यापेक्षा आधीच गेले तर मांजराचे वजन आणि घरचे पैसे दोन्ही वाचतात. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. झाकणाच्या डबीत ताजी विष्ठा न्यावी, शक्य तर वेगवेगळ्या तीन दिवसांची, कारण जियार्डिया एका नमुन्यात हुलकावणी देतो. दिलेल्या प्रत्येक औषधाचे वेष्टन न्यावे. मनी पाली खाते का, हेही सांगावे. पालीतून मांजराच्या पित्तनलिकेत शिरणारा एक चपटा कृमी आहे आणि जंताच्या नेहमीच्या मात्रेला तो दाद देत नाही.

तपासण्यांत काही सापडले नाही तर डॉक्टर बहुधा जो उपाय सांगतील तो ऐकायला अगदीच साधा आहे: आहार बदला. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटाची जुनाट तक्रार असलेल्या 55 मांजरांना निवडक आहार दिला गेला. जवळपास निम्मी मांजरे नुसत्या आहाराने सुधारली. पोटाच्या तक्रारीत हा फरक साधारण दोन आठवड्यांत दिसू लागतो. यासाठी खास तयार खाद्य मिळते, पण ते महाग. नाहीतर मांजराने पूर्वी कधी न खाल्लेले एकच मांस, डॉक्टरांना विचारून. त्या दोन आठवड्यांत बिस्किटाचा तुकडा नाही, शेजारच्या घरची माशाची शेपटी नाही, दुधाचा थेंब नाही. फार दिवस घरचेच शिजवायचे असेल तर टॉरिन आणि कॅल्शियमची जोड लागते, नुसत्या मांसावर भागत नाही.

याशिवाय रक्तातले 'ब-12' जीवनसत्त्व मोजता येते. आतडे बिघडले की ते शोषले जात नाही, आणि ते भरून काढल्याशिवाय इतर उपचार लागू पडत नाहीत. त्याची इंजेक्शने महागडी नसतात. एवढ्याने भागले नाही तर सोनोग्राफी आणि शेवटी आतड्याचा तुकडा काढून तपासणी. म्हाताऱ्या मांजरात जुनाट दाह आणि हळू वाढणारा कर्करोग बाहेरून सारखेच दिसतात आणि दोन्हींचे औषध वेगळे असते. या सगळ्यानंतरही मनी सुधारली नाही, तर मावशीचा उपाय टेबलावर येऊ शकतो. तेव्हा तो वेडेपणा ठरत नाही. दाता कोण, त्याच्या कोणत्या तपासण्या झाल्या, याआधी किती मांजरांवर केले आणि त्यांचे काय झाले, एवढे प्रश्न विचारावेत. उत्तर देणारा माणूस 1984 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेला पशुवैद्य आहे ना, हेही पाहावे. या प्रश्नांनी चिडणारा डॉक्टर सोडून द्यावा.

काही वेळा मात्र दोन आठवडे थांबायचे नसते. मांजराने दीड-दोन दिवस काही खाल्ले नाही तर यकृतात चरबी साचू लागते आणि तेच नवे, अधिक मोठे दुखणे होऊन बसते. विष्ठेत रक्त, सारखी उलटी, कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू बसणे, ही लक्षणे दिसली की त्याच दिवशी निघावे. मे महिन्यात भिलाईचा पारा 44 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा जुलाब होणाऱ्या सव्वातीन किलोच्या जिवाला एक दुपारही पुष्कळ होते.

<b>स्वयंपाकघरातला पेच</b>

आता त्या घरातला खरा पेच. मनी या घरात तीन वर्षे दूधपोळी, तूपभात आणि आजींनी हळूच टाकलेली साय यांवर वाढली आहे. आजींच्या स्वयंपाकघरात अंडेसुद्धा येत नाही. भिलाईतल्या कितीतरी मराठी कुटुंबांप्रमाणे हेही कुटुंब कारखान्याच्या पहिल्या दिवसांत विदर्भातून इथे आले. चाळीस कोस दूर असूनही आजींनी आपला ओटा जसाच्या तसा सांभाळला. परदेशातला तो किळसवाणा उपाय एकवेळ कोणी दवाखान्यात करून आणला तर आजी तिकडे तोंड फिरवतील. पण घरात दोन आठवडे रोज मांस शिजवायचे? या घरासाठी नवलाचा उपाय तो आहे.

अशा वेळी आई दोन बाजूंच्या मधे उभी असते. सासूला दुखवायचे नाही, मुलीला मांजर गमवू द्यायचे नाही. बाबा म्हणतात, "तयार खाद्याची पिशवी आणू." हिशेब करून पाहिला तर ती पंधरा दिवसांपुरती जमण्यासारखी असते, कायमची नाही. मुलगी आपली गल्ल्याची पेटी आणून टेबलावर ठेवते. तिच्यात किती असेल हे सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे ती कोणी उघडत नाही.

तोडगा बहुतेक वेळा आजींकडूनच निघतो. "गॅलरीत जुना स्टोव्ह आहे," त्या म्हणतात. "तिथं काय करायचं ते करा. भांडी वेगळी. माझ्या ओट्याला हात लावायचा नाही." थोडे थांबून त्या विचारतात, "आणि सायसुद्धा द्यायची नाही?"

"नाही, आजी. पंधरा दिवस काहीच नाही."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलगी रोज एक खूण करू लागते: पातळ, घट्ट, उलटी, वजन. वजनासाठी आधी स्वतः काट्यावर उभी राहते, मग मनीला घेऊन. मावशीचा फोन पुन्हा येतो, "केलंत का ते?" आई सांगते, "अजून नाही. सोमवारी अंजोऱ्याला तीन डब्या नेणार आहोत." गॅलरीतून स्टोव्हचा आवाज येतो. आजी नाकाला पदर लावून दारात उभ्या असतात आणि मनी पातेल्याकडे तोंड करून शेपटी सरळ वर धरून बसलेली असते.